गोठा आणि वर्कशॉप रिकामं करताना भंगारवाल्याला शेवटी बोलवा

आमचं खानापूर तालुक्यातलं जुनं घर सोडून आम्ही बेळगावात अनगोळला आलो तेव्हा घरातलं सामान दोन दिवसात हललं. फ्रीज, कपाटं, भांडी, देव, सगळं एका टेम्पोत आणि छोट्या हत्तीच्या दोन खेपांत. पण मागचा गोठा आणि त्याला लागून असलेलं आप्पांचं वर्कशॉप रिकामं करायला एकोणीस दिवस लागले, आणि त्यातली सगळ्यात मोठी चूक आम्ही पहिल्याच दिवशी करून बसलो होतो. म्हटलं तुम्ही तरी करू नका, म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

चूक अशी. जागा तरी मोकळी होईल म्हणून धाकट्यानं पहिल्याच दिवशी भंगारवाल्याला बोलवलं. कोपऱ्यात एका पोत्यात गंजलेली दातेरी चाकं होती, लहानमोठी चौदापंधरा, ती पण काट्यावर चढली आणि गेली. संध्याकाळी आप्पा काठी टेकत आले आणि पोत्याची जागा बघून विचारलं, "चाकं कुठं टाकूलास रे?" ते लेथचे, म्हणजे लोखंड फिरवून तासायच्या मशीनचे, चेंज गिअर होते. लेथवर आटे पाडायचे तर इंचाला किती आटे पाहिजेत त्याप्रमाणं ते गिअर बदलावे लागतात, ते नसले तर लेथ नुसता गोल तासायच्या कामाचा. पुढं लेथ बघायला आलेल्या माणसानं पहिला प्रश्न तोच केला, गिअरचा सेट आहे काय, आणि नाही म्हटल्यावर त्यानं जी किंमत खाली आणली ती पूर्ण भंगाराच्या पैशापेक्षा जास्त होती. भंगारवाल्याकडं दुसऱ्या दिवशी पळत गेलो तर माल पुढं गेलेला.

तेव्हा आमच्या घरात एक नियम झाला: ज्या वस्तूचं नाव माहीत नाही ती विकायची नाही, टाकायची नाही आणि कुणाला फुकट पण द्यायची नाही. आधी नाव, मग निकाल. खाली जे काय सांगतोय ते सगळं ह्या एका नियमाभोवतीच फिरतंय.

आता सुरुवात कधी करायची ते. आपल्याकडं, म्हणजे बेळगावच्या पश्चिमेला आणि खानापूर भागात, पावसाळ्यात हे काम काढायचंच नाही. सामान बाहेर काढून अंगणात पसरायला चार कोरडे दिवस सलग मिळत नाहीत, आणि गोठ्यात साप पण त्याच दिवसात जास्त शिरतात. दिवाळी झाली, भाताची मळणी उरकली की धरा, शिमग्यापर्यंत संपवा. एप्रिलात गेलं तर वळीव गाठतोय, आमचा एका दुपारी सगळा कागदपत्रांचा ढीग भिजता भिजता वाचला. आणखी एक, घरात जुनी माणसं असतील तर खंडेनवमीच्या तोंडावर हत्यारं विकायचा विषय काढू नका. पूजा होऊ दे, मग बोला. वाद निम्म्यानं कमी होतोय.

माणसं किती लागतात? दोन तरणी, एक मुलगा लिहून घ्यायला आणि एक खुर्ची. ती खुर्ची सगळ्यात महत्त्वाची, तीत घरातला तो माणूस बसवायचा ज्याला नावं माहीत आहेत. आमच्यात आप्पा. त्यांना काही उचलायला लावायचं नाही, फक्त प्रत्येक वस्तू त्यांच्या समोरनं न्यायची. वेळ जातोय, मान्य, कारण प्रत्येक वस्तूमागं एक गोष्ट निघते, अमक्याच्या लग्नात गाडी मोडली होती तेव्हा हे केलं वगैरे, पण ते ऐकायचं, कारण गोष्टीतच नाव असतंय. घरात असा माणूस राहिला नसेल तर गावातला जुना सुतार नाहीतर लोहार अर्धा दिवस चहापाणी करून, त्याची मजुरी देऊन बोलवा. वसूल होतोय.

आत शिरायच्या आधी दारं-खिडक्या उघडून एक पूर्ण दिवस तसंच सोडा. मेन स्विच पाडा, कारण जुन्या गोठ्यातली वायर उंदरांनी कुरतडलेली असते आणि कुठल्या पत्र्याला टेकलेली असेल सांगता येत नाही, उजेडाला बॅटरी वापरा. पायात गमबूट, हातात चामड्याचे हातमोजे, तोंडाला एन-९५ मास्क, साधा रुमाल नको. धनुर्वाताचं इंजेक्शन गेल्या पाच वर्षांत घेतलेलं नसेल तर दवाखान्यात विचारून काम सुरू करायच्या आधीच घेऊन टाका, कारण गंजका खिळा आणि शेणाची जमीन, दोन्ही तिथंच आहेत. आणि उंदराच्या मूत्रानं लेप्टोस्पायरोसिस होतोय, तेव्हा हाताला जखम असेल तर ओल्या जागेत हात घालायचा नाही. काम झाल्यावर आठवड्या-पंधरा दिवसात ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काय झालं तर डॉक्टरला गोठा साफ केला होता हे आपणहून सांगा, ते त्यांना आपोआप कळत नाही.

पहिल्यांदा पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, काढा. बाकी काही नाही, आधी पिंजर. जुनी भाताची गंजी म्हणजे उंदरांचं घर, आणि उंदीर तिथं साप. नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. गंजीत हात घालायचा नाही, दाताळ्यानं वरनं थर थर ओढायचा, आधी काठीनं जमीन आपटायची आणि थोडं थांबायचं. साप दिसला तर मारत बसू नका, मागं सरा, त्याला वाट द्या, नाहीतर गावातल्या सर्पमित्राला फोन करा. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट दोरी बांधायची नाही, चावलेला हात-पाय हलू न देता सरळ सरकारी दवाखाना, १०८ ला फोन. मांत्रिकाकडं गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. दगड, विटा आणि जुन्या लाकडाखाली विंचू असतोय, तेव्हा लाकूड उचलताना आपल्या बाजूची कड वर करायची नाही, पलीकडची करायची, म्हणजे खाली जे काय असेल ते आपल्यापासून लांब पळतंय.

पिंजर चांगली असेल तर शेजारी जनावरं असणाऱ्याला द्या, पण काळी पडलेली, बुरशीचा वास येणारी जनावराला घालू नका, ती सरळ उकिरड्यात. तशीच गोठ्याच्या जमिनीची वरची वीतभर माती. वर्षानुवर्षं शेण-मूत मुरलेली ती माती म्हणजे तयार खत आहे, आमच्या एका शेजाऱ्यानं ती ट्रॉलीनं नेली आणि बदल्यात त्याचा ट्रॅक्टर दोन दिवस दिला, तो आम्हाला पैशापेक्षा कामाला आला.

माळ्यावर चढताना फळीवर पाय देऊ नका, तुळईवर द्या. वरनं फळी चांगली दिसते आणि आतनं वाळवीनं पोकळ केलेली असते, बांबूनं ठोकून बघितलं की आवाजावरनं कळतंय. वर गांधीलमाशांचं पोळं असेल तर तो दिवस सोडा. आणि माळ्यावर पांढऱ्या तोंडाचं घुबड बसलेलं दिसलं तर घाबरू नका, हुसकू पण नका. त्याचं नावच गव्हाणी घुबड आहे, गव्हाणीवरनं पडलेलं नाव बहुतेक, आणि उंदीर खाण्यात त्याच्यापुढं कुठलंच औषध नाही. पिल्लं असतील तर तेवढा कोपरा शेवटाला ठेवा. आमच्याकडं होती. आईला अपशकुन वाटत होता, आप्पा म्हटले असू दे की, एवढी वर्षं तेच उंदीर खातंय.

आता खरं काम. अंगणात ताडपत्र्या अंथरा, आमच्या पाच होत्या. एकीवर शेतीची अवजारं, एकीवर सुतारकीची हत्यारं, एकीवर लेथ आणि फिटरकीचं, एकीवर लाकूड, आणि पाचवी लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, औषधं-तेलं-बॅटरी असल्या धोक्याच्या वस्तूंसाठी. 'ठेवायचं', 'विकायचं', 'टाकायचं' असे ढीग सुरुवातीला करू नका, असं केलं की प्रत्येक खुरप्यावर घरात भांडण होतंय. आधी जात लावा. एका जातीच्या वस्तू एकत्र आल्या की आपोआप कळतंय की आपल्याकडं सात विळे आहेत आणि त्यातले पाच मोडके आहेत, मग कुणाला काय सांगावं लागत नाही.

शेतीच्या ताडपत्रीवर काय काय निघालं: लाकडी नांगर, लोखंडी नांगर, दोन कुळव, कुरी, तीन जू, दिंड, बैलगाडीची दोन चाकं, कासरे, वेसणी, घुंगरमाळा, गव्हाणीची फळी, कणगीचे तुकडे, मापटी-पायल्या, आणि हातानं फिरवायचं कडबा कापायचं यंत्र. ह्या शेवटच्या यंत्रावरनं एक आठवलं ते सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये आपल्या बेळगावातच सायकलचं दुकान काढलं होतं, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर करायला लागले, पण जागा खाली करायची पाळी आली आणि १९१० ला सगळं बिऱ्हाड कुंडल रोडला गेलं, त्याचीच पुढं किर्लोस्करवाडी झाली. म्हणजे बेळगावातनं वर्कशॉप हलवणारे आपण काय पहिले नाही. त्यांना किती बैलगाड्या लागल्या असतील कोण जाणे, आम्हाला एका लेथनं घाम फोडला.

बैलगाडीची चाकं भंगारात घालू नका एवढं सांगतो. बाभळीचा तुंबा, आरे आणि वर लोखंडी धाव, ती धाव तापवून चढवतात आणि गार झाली की आवळून बसते, तसलं काम करणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी. भंगारवाला फक्त धावेचं लोखंड मोजतोय आणि लाकूड जाळायला म्हणून फुकट मागतोय. हॉटेलवाले, रिसॉर्टवाले, फार्महाऊसवाले पूर्ण चाक मागतात, गोव्याच्या रस्त्याला तर जास्तच. पण तुंबा वाळवीनं खाल्लेला असेल तर आधीच सांगा, लपवू नका.

दगडी जातं, उखळ, पाटा हे आपलं आपल्यालाच लागतंय, किंवा लागत नाही पण आई सोडत नाही. तो विषय मी इथं काढत नाही.

सुतारकीच्या हत्यारात रंधे, पटाश्या, करवती, वाकस, गिरमिट, सामता, किंकरं. ह्यात सगळ्यात फसवं म्हणजे गंज. वरनं मेलेलं दिसणारं पातं आतनं चांगल्या पोलादाचं असतंय, तेव्हा गंजकं म्हणून टाकायच्या आधी एकदा व्हिनेगारमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी तारेच्या ब्रशनं घासा, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं आंबटपणा मारा, लगेच कोरडं पुसून उन्हात ठेवा आणि तेलाचा हात फिरवा. तेल लावायला विसरलात तर दुसऱ्या दिवशी परत लाल. लाकडी मूठ व्हिनेगारात घालायची नाही, काढून ठेवायची. पितळी वस्तू असेल तर चिंच आणि मीठ, ते आईला माहीत असतंयच. करवतीच्या पात्यात खड्डे पडलेले असले तर मात्र नाद सोडा.

एक गोष्ट सुतारकीच्या कोपऱ्यात जपून: अळशीच्या तेलाच्या चिंध्या. पॉलिशला अळशीचं तेल वापरतात, त्यानं भिजलेल्या चिंध्या ढीग करून ठेवल्या तर आपोआप तापून पेट घेतात, काडी लावायला लागत नाही. जुन्या वाळून कडक झालेल्यांचं फारसं भय नाही, पण साफसफाई करताना तुम्ही जर नवीन तेल लावून चिंध्या भुश्शात टाकल्या तर आहे. सुट्या पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या डब्यात घाला.

आता वर्कशॉप. लेथ विकायचा असो की न्यायचा असो, त्याचं सगळं गोत एका जागी आणा: चक आणि चकची चावी, चार जबड्यांचा वेगळा चक, फेस प्लेट, सेंटर, टूल पोस्ट, स्टेडी रेस्ट आणि ते गिअर. चकची चावी नसली तरी गिऱ्हाईक तोंड वाकडं करतंय. बेडवर ग्रीस फासा आणि गोणपाट गुंडाळा. उचलताना दोर बेडच्या खालनं घालायचा, लीडस्क्रूला किंवा स्पिंडलला अडकवायचा नाही, वाकला की लेथ गेला. हेडस्टॉकच्या, म्हणजे चक बसतो त्या, बाजूला वजन जास्त असतंय म्हणून दोर मधोमध न घेता तिकडं सरकवून घ्यायचा, आणि एकदा बोटभर उचलून तोल बघायचा मगच वर. आम्ही चेनपुली वापरली पण ती जुन्या तुळईला लावली नाही, तिघांनी सांगून पण नाही, बाहेरनं लोखंडी तिकाटणं आणलं. जमिनीवर सरकवायला खाली पाइपाचे तुकडे आणि मागं-पुढं एकेक माणूस, पाइप पुढं आणून घालणाऱ्याचा हात कधीच मशीनखाली जाता कामा नये. घाई करणारा माणूस ह्या कामाला नको, मग तो मेव्हणा असला तरी.

ग्राइंडरचे जुने दगड विकू नका आणि वापरू पण नका. दोरीला टांगून लाकडी मुठीनं हळू टकटक करा, घंटेसारखा वाजला तर अखंड, ठस्स वाजला तर आत तडा, तो फोडून टाका म्हणजे कुणी उचलून परत बसवणार नाही. गॅस वेल्डिंगचे सिलिंडर निघाले तर ते बहुतेक तुमचे नसतातच, भाड्याचे असतात, त्यावर पुरवठादाराचं नाव असतंय, त्याला फोन करून परत द्या. काळ्या रंगाचा म्हणजे ऑक्सिजन, मरून रंगाचा म्हणजे ॲसिटिलिन. ऑक्सिजनच्या वॉल्व्हला तेल, ग्रीस लावून मोकळा करायला जाऊ नका, स्फोट होतोय. ॲसिटिलिनचा उभाच न्यायचा. आणि कार्बाइडचा जुना डबा सापडला तर तो कोरडा ठेवा, उघडू नका, पाणी लागलं की त्यातनं ॲसिटिलिनच बाहेर पडतो.

हेच पाचव्या ताडपत्रीचं. आमच्याकडं त्यावर अर्धी भरलेली औषधाची बाटली होती एंडोसल्फानची, जे सुप्रीम कोर्टानं २०११ लाच बंद केलंय, आणि एक चुरगळलेलं पोतं बीएचसी पावडरचं, ज्याला जुनी माणसं गॅमॅक्सीन म्हणायची, ते तर १९९७ पासून बंद. एवढी वर्षं ते भाताच्या कणगीला टेकून होतं. सगळ्यात भयंकर वस्तू मात्र लहान असते, धान्यात घालायच्या गोळ्यांची नळी, ॲल्युमिनियम फॉस्फाइडची. त्याला ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतोय, लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास येतो, आणि बंद खोलीत माणूस जातोय. नळी उघडू नका, धुऊ नका, पुरू नका, उघड्यावर कोरड्या जागी ठेवा आणि सगळे मागं सरा. उंदराच्या काळ्या औषधाचं पण तसंच. ह्या सगळ्याचं काय करायचं ते तुमच्या होबळीच्या (गावांच्या गटाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे शेती खात्याच्या ऑफिसात, जाऊन विचारा, मूळ लेबलाचा फोटो काढून न्या. विहिरीत, ओढ्यात, गटारीत ओतायचं नाही. रिकाम्या झालेल्या बाटल्या तीनदा विसळून भोकं पाडा, कारण गावात कुणीतरी त्यात रॉकेल भरायला नेतोयच. जळकं तेल एका कॅनमध्ये जमवून गॅरेजवाल्याकडं द्या, जुन्या बॅटऱ्या बॅटरीच्या दुकानात, ॲसिड सांडून हलकी करायची अक्कल कुणी शिकवली तरी ऐकू नका.

छपरावर सिमेंटचे राखाडी पत्रे असतील तर ते बहुधा ॲस्बेस्टॉसचे. फोडायचे नाहीत, करवतीनं कापायचे नाहीत, पाणी मारून अखंड काढायचे, धूळ फुफ्फुसात जाते आणि त्याचा त्रास वीस-तीस वर्षांनी निघतोय.

जंगलाजवळच्या जुन्या घरात आणखी तीन वस्तू निघतात ज्या बघून आधी हात मागं घ्यायचा. एक, सांबराची शिंगं, भिंतीवर टोपी अडकवायला लावलेली. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, परवान्याशिवाय ती ठेवणं आणि विकणं दोन्ही अडचणीचं, तेव्हा सोशल मीडियावर फोटो घालून किंमत विचारू नका, वन खात्याला कळवा. दोन, आजोबांची ठासणीची बंदूक. परवाना आजोबांच्या नावचा आणि आजोबा गेलेले, असं असेल तर ती स्वतः गाडीत घालून नेऊ नका, आधी पोलिस स्टेशनला सांगा. तीन, जमिनीत काही पुरलेलं सापडलं तर. हसू नका, गव्हाण उकरताना सापडतंय. कर्नाटकात निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा, १९६२ चा कायदा आहे, किमती काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायला लागतंय. आम्हाला सापडली ती नाल, पाच वेगवेगळ्या बैलांच्या, म्हणून आमच्यावर ती पाळी आली नाही.

कागद. हे घरात नाही, गोठ्यातच असतात, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, आणि आपण वरचं नवीन वर्तमानपत्र बघून रद्दी म्हणून टाकतो. थांबा. आपला भाग १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळं आधीचे जमिनीचे कागद मराठीत, त्याच्याही मागचे मोडीत, आणि नंतरची पहाणी, उतारे कन्नडमध्ये. आमच्या घरात मग असं झालं की जुने कागद आप्पांनी वाचले, नवीन माझ्या मुलीनं वाचले जी शाळेत कन्नड शिकते, आणि मी मधे बसून फाइलवर नंबर घातले. कुळकायद्याच्या १९७४ च्या दुरुस्तीनंतर कुळांनी भरलेले फॉर्म ७, सोसायटीची पुस्तकं, वाटणीपत्रं, कर्जफेडीच्या पावत्या, ह्यातलं काही टाकायचं नाही. आधी मोबाइलनं दोन्ही बाजूंचे फोटो, मग सावलीत वाऱ्यावर वाळवून कापडी दोरीनं बांधायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलं तर घाम धरून काळं पडतंय. मोडी वाचणारा गावात नसला तरी फोटो तरी ठेवा, वाचणारा नंतर पण भेटतोय, कागद नंतर भेटत नाही. फक्त पेन्सिलनं मागं लिहा की कुठल्या ट्रंकेत होता.

लाकडाकडं येऊ. मंगळूर कौलं काढली तर आडवी रचू नका, कडेवर उभी करा, कमी फुटतात, शंभर चौरस फुटाच्या छपराला साधारण दीडशे कौलं धरून चला, म्हणजे नवीन घेणाऱ्याला किती पुरतील ते लगेच सांगता येतंय. वासे आणि तुळया सागवान, शिसवी, जांभा, ऐन असल्या असतात, कडेला तासून रंग बघितला की जुना सुतार सांगतोय. पण लाकूड गाडीत भरून चंदगडकडं नाहीतर गोव्याकडं न्यायचं असेल तर आधी वन खात्याच्या ऑफिसात जाऊन पासचं विचारा, जुनं घरचं वापरलेलं लाकूड आहे म्हटलं तरी चेकपोस्टवर तोंडी सांगून भागत नाही. घराचा उतारा आणि लाकूड छपरावर असतानाचा फोटो जवळ ठेवा. छप्पर उतरायच्या आधी फोटो काढायचा असतोय हे छप्पर उतरल्यावर आठवतंय.

आणि मग, सगळ्यात शेवटी, भंगारवाला.

त्याच्या आधी एक लोहचुंबक घ्या, जुन्या स्पीकरचा चालतो. चिकटलं तर लोखंड किंवा बीड (ओतीव लोखंड), नाही चिकटलं तर पितळ, तांबं, ॲल्युमिनियम, आणि ते वेगळं करायचं. बिडाचं आणि लोखंडाचं पण वेगळं, भाव वेगळा लागतोय आणि बेळगावात उद्यमबाग, मच्छे भागात फाउंड्र्या असल्यामुळं बिडाला घेणारा असतोयच. ओळखायला ग्राइंडरवर टेकवा, बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर, लोखंडाच्या लांब आणि पिवळ्या. जळालेली मोटर तशीच देऊ नका, आत तांब्याची वायर आहे, पण वायरीचं प्लॅस्टिक जाळून तांबं काढायचं नाही, धूर विषारी असतोय आणि जळकं तांबं भावानं पण कमी जातंय, सोलून काढा. स्वतःचा लटकता काटा ठेवा, डिजिटल मिळतोय, आधी आपण वजन करून वहीत लिहायचं मग त्याला करायला सांगायचं. दोन-तीन जणांकडनं भाव घ्या. सगळं मिळून उचलतो म्हणणाऱ्याला नको म्हणा, त्यालाच सगळ्यात जास्त कळलेलं असतंय तुमच्या ढिगात काय आहे ते.

लाईटचं राहिलं. वर्कशॉपचं थ्री फेज कनेक्शन असेल तर बिलावरचा आरआर नंबर घेऊन हेस्कॉमला अर्ज करा, बिल पूर्ण भरा, शेवटच्या रीडिंगचा मीटरसकट फोटो काढा, भरलेल्या डिपॉझिटचं विचारा. नावावर आजोबाच असतील तर आधी त्यालाच वेळ जातोय, तेव्हा हे काम सामान काढायच्या आधी महिनाभर सुरू करा. मी शेवटी केलं.

नवीन घरी काय न्यायचं? आमच्याकडं ठरलं की एका लोखंडी पेटीत मावेल तेवढंच. आप्पांनी दोन दिवस विचार केला आणि वाकस, दोन पटाश्या, एक लहान रंधा, सामता, एरणीचा लहान तुकडा आणि खिळ्यांचा पत्र्याचा डबा एवढं घातलं. डबा बघून धाकटा म्हणाला, खिळे तर दुकानात मिळतात की गा. त्यात वाकडे काढून सरळ केलेले खिळे होते, सगळे. कुणी पुढं बोललं नाही.

राहिली मांजर. गोठ्यातली मांजर पेटीत घालून नेता येत नाही, नेली तरी जागा शोधत परत येते, म्हणून तिला शेजारच्या वैनींच्या परड्याची सवय आधी आठ-दहा दिवस लावा, दूध तिथं ठेवून. आम्ही उशिरा लावली. ती अजून रिकाम्या गोठ्यात बसते, वैनी संध्याकाळी वाटी तिकडंच नेऊन ठेवतात.